चतकोर कुठल्या भाकरीचा? दोन पाहण्यांचे वृत्तालेख शेजारी ठेवून वाचताना

रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर दोन कागद होते. दोन्हींवर एकेक रंगीत वर्तुळ. एक आमच्या सोसायटीचं, एक मागच्या गल्लीतल्या सोसायटीचं. प्रश्न दोन्हीकडे एकच होता: कामाला किंवा कॉलेजला जाताना बहुतेक दिवशी कशाने जाता? पाहणीच्या कामाला नव्यानेच आलेली अकरावीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "काकू, बसने जाणारे त्यांच्याकडे जास्त आहेत. बघा ना, बसची पाकळी केवढी मोठी आहे."

मी म्हटलं, "पाकळी मोठी आहे खरी. पण अगं, चतकोर कुठल्या भाकरीचा?"

ती थांबली. मग आम्ही दोघींनी ते कागद पहिल्यापासून वाचले, आणि उत्तर उलटं निघालं. हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे. सोसायटीच्या कमिटीत नवे आलेले, मंडळाचा किंवा शाळेच्या पालक सभेचा सर्वे हाती आलेले, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली दोन गोल चित्रं पाहून "नेमकं काय समजायचं यातून?" असं वाटणारे, अशा सगळ्यांसाठी.

हा प्रश्न मी ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी अशाच दोन वर्तुळांकडे पाहून भर सभेत मीच सांगितलं होतं की आपल्याकडे बसने जाणारे कमी आहेत, तेव्हा थांब्यावर शेड मागायची तर पलीकडच्या थांब्यावर मागू. सगळ्यांनी मान डोलावली, अर्ज तसाच गेला. पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या थांब्यावर दुपारी बारा वाजता डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या आजी दिसल्या. एक नाही, चार-पाच. घरी येऊन जुने कागद काढले आणि प्रत्यक्ष माणसं मोजली. आमच्याकडे बसने जाणारे जास्त होते. पाकळी तेवढी लहान होती.

वर्तुळाशी आधी ओळख

गोल आलेखाला आपल्या शालेय पुस्तकांत वृत्तालेख म्हणतात. दहावीच्या गणितात सांख्यिकीच्या प्रकरणात तो येतो, "केंद्रीय कोन" हा शब्दही तिथलाच. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, पूर्ण संख्या १०० टक्क्यांची. म्हणजे एका टक्क्याला ३.६ अंश. अंशांवरून टक्के काढायचे तर ३.६ ने भागा, टक्क्यांवरून अंश काढायचे तर ३.६ ने गुणा. एवढं एक गणित आलं की पुरे.

पण रोजच्या नजरेला आपल्या भाकरीचे शब्द जास्त उपयोगी पडतात. अर्धी भाकरी म्हणजे ५० टक्के, १८० अंश. चतकोर म्हणजे २५ टक्के, काटकोन. नितकोर म्हणजे चतकोराचा अर्धा, साडेबारा टक्के, ४५ अंश. समोर आलेली पाकळी चतकोराहून मोठी की लहान, नितकोराच्या आसपास की त्याहून बारीक, असा अंदाज आधी तोंडाने म्हणायचा आणि मगच छापलेला आकडा पाहायचा. आठ-दहा वर्तुळं अशी वाचली की डोळा बसतो. घड्याळाची तबकडीही चालते: बारापासून तीनपर्यंत चतकोर, बारापासून सहापर्यंत अर्धी.

वृत्तालेखाचा जन्म भाकरीइतका जुना मात्र नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १८०१ साली छापलेल्या आलेखांपासून त्याची सुरुवात मानतात. एका पूर्ण गोष्टीची वाटणी कशी झाली आहे हे दाखवायला त्याच्याइतकं सोपं चित्र नाही. अडचण येते ती दोन वर्तुळं शेजारी ठेवल्यावर. तेव्हा आपण वाटणी वाचतो आणि बोलताना माणसांबद्दल बोलतो.

चित्राआधी अक्षरं

कागद हाती आला की रंगांकडे जाऊ नका. चित्राच्या वरची आणि खालची बारीक अक्षरं आधी वाचा आणि वहीत पाच गोष्टी उतरवून घ्या: प्रश्न शब्दशः काय होता, उत्तरं किती आली, ती कोणाकडून आली, कधी घेतली, आणि एकाला एकच पर्याय निवडायचा होता की अनेक चालत होते. दोन्ही वर्तुळांसाठी. यातली एखादी गोष्ट कागदावर नसेल तर पाहणी करणाऱ्याला फोन करून विचारा. गूगल फॉर्मच्या निकालात प्रश्नाच्या खालीच किती उत्तरं आली ते लिहिलेलं असतं, पण चित्र कापून ग्रुपवर टाकताना नेमकी तीच ओळ कापली जाते. पूर्ण स्क्रीनशॉट मागवायला संकोच करू नका.

प्रश्नाचे शब्द फार महत्त्वाचे. "बहुतेक दिवशी कशाने जाता?" आणि "गेल्या आठवड्यात बसने गेलात का?" हे वेगळे प्रश्न आहेत, त्यांची वर्तुळं शेजारी ठेवून काहीच निघत नाही. तारखेचंही तसंच. पुण्यात मे महिन्यात घेतलेल्या वाहतुकीच्या सर्वेत शाळा-कॉलेजची गर्दी नसते. जुलैमध्ये पाऊस असतो, तेव्हा स्कूटरवाले रिक्षात बसतात. गणपतीच्या दिवसांत मध्यवर्ती भागातले रस्तेच बंद असतात. मे मधलं वर्तुळ आणि जुलैमधलं वर्तुळ यांतला फरक लोकांचा नसून हवेचा असू शकतो.

"कोणाकडून" हा मुद्दा पुण्याला नवा नाही. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची मोठी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. कोणती कुटुंबं निवडायची, कशी निवडायची, हा अशा पाहणीतला पहिला विचार असतो. आपल्या सोसायटीच्या सर्वेत तो राहून जातो. लिंक ग्रुपवर टाकली की ग्रुपवर नसलेले आजोबा, भाड्याने राहणारी मुलं, रोज दोन बस बदलून येणाऱ्या घरकामाच्या मावशी हे सगळे वर्तुळाबाहेर राहतात. मावशींना विचारलं असतं तर बसची पाकळी कुठल्या कुठे गेली असती.

आकडे नसतील तर कोनमापक काढा

पुष्कळदा छापलेल्या वर्तुळावर टक्के नसतातच, नुसते रंग असतात. अशा वेळी अंदाजावर बोलू नका. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, नाहीतर अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. कोनमापकाचा मध्यबिंदू वर्तुळाच्या केंद्रावर, शून्याची रेघ पाकळीच्या एका कडेवर, दुसरी कड जिथे येते तो अंश लिहायचा. कड आखूड असेल तर पेन्सिलने बाहेरपर्यंत वाढवून घ्या. मधे भोक असलेलं, मेदूवड्यासारखं वर्तुळ असेल तर दोन्ही कडा आतल्या बाजूला वाढवल्या की केंद्र सापडतं.

५४ अंश आले? ५४ भागिले ३.६, म्हणजे १५ टक्के. सगळ्या पाकळ्या मोजून झाल्या की बेरीज करा. ३६० च्या आसपास आली पाहिजे, दोन-तीन अंश इकडे-तिकडे चालतात. ३४० किंवा ३८० आली तर एखादी पाकळी मोजताना चूक झाली आहे.

वाट्यावरून माणसांकडे

आता त्या रविवारचे कागद. हिशेब सोपा पडावा म्हणून आकडे इथे थोडे नीटस करून घेतले आहेत.

आमच्या सोसायटीतून १२० जणांची उत्तरं आली. वर्तुळावर लिहिलं होतं: दुचाकी ५० टक्के, चारचाकी २०, पीएमपीची (म्हणजे शहर बससेवेची) बस १५, मेट्रो १०, चालत किंवा सायकलने ५. मागच्या सोसायटीतून ४० जणांची उत्तरं आली: दुचाकी ४०, चारचाकी २०, बस २५, मेट्रो ५, चालत किंवा सायकलने १०.

बसची पाकळी आमच्याकडे ५४ अंशांची, नितकोराहून थोडी मोठी. त्यांच्याकडे पुरती चतकोर, ९० अंश. म्हणूनच ती मुलगी म्हणाली की त्यांच्याकडे बसवाले जास्त. आता माणसं काढू. १२० चे १५ टक्के म्हणजे १८. ४० चे २५ टक्के म्हणजे १०. आमच्या लहान पाकळीत अठरा माणसं, त्यांच्या मोठ्या पाकळीत दहा.

चारचाकीचं पाहा. दोन्हीकडे २० टक्के, दोन्हीकडे ७२ अंश, चित्रात हुबेहूब सारख्या पाकळ्या. पण आमच्याकडे २४ जण गाडीने जातात आणि त्यांच्याकडे ८. रस्त्यावर पार्किंगचा ताण कुठून येतो हा प्रश्न असेल तर या सारख्या दिसणाऱ्या पाकळ्यांमध्ये तिपटीचा फरक आहे.

मग बरोबर काय, टक्के की माणसं? दोन्ही बरोबर, पण वेगवेगळ्या प्रश्नांसाठी. थांब्यावर शेड कुठे हवी, फेऱ्या किती वाढवायला सांगायच्या, जागा किती लागेल, हे प्रश्न माणसांच्या संख्येचे आहेत. कुठल्या सोसायटीत बसची सवय जास्त रुजली आहे, कुठे लोक गाडी सोडायला तयार आहेत, हे प्रश्न वाट्याचे आहेत. तिथे त्यांचा चतकोर आमच्या १५ टक्क्यांपेक्षा खरोखरच मोठा आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. वर्तुळ वाचायच्या आधी "मला काय ठरवायचं आहे?" हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मी दर वेळी लिहिते.

याच ठिकाणी आणखी एक चूक हमखास होते. दोन्ही सोसायट्या मिळून बसवाले किती टक्के? पुष्कळ जण १५ आणि २५ ची सरासरी काढून २० सांगतात. तसं करायचं नाही. १८ आणि १० मिळून २८ माणसं, एकूण १६० पैकी. २८ भागिले १६०, म्हणजे साडेसतरा टक्के. मोठ्या भाकरीचं वजन जास्त पडणारच. टक्क्यांची सरासरी काढायची सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून आधी माणसं, मग बेरीज, मग पुन्हा टक्के, हाच क्रम पाळा.

एका माणसाचे अंश

नव्यांना मी एक छोटी गोष्ट आवर्जून शिकवते, कारण ती केल्यावर पुष्कळ वाद आपोआप मिटतात. ३६० ला उत्तरांच्या संख्येने भागा. जे येईल ते एका माणसाचे अंश.

आमच्याकडे ३६० भागिले १२०, एक माणूस म्हणजे ३ अंश. त्यांच्याकडे ३६० भागिले ४०, एक माणूस म्हणजे ९ अंश, अडीच टक्के. त्यांची मेट्रोची पाकळी १८ अंशांची आहे, म्हणजे दोन माणसं. त्यातल्या एकाने नोकरी बदलली आणि तो स्कूटरने जायला लागला की पाकळी निम्मी होते. "त्यांच्याकडे मेट्रोचा वापर आमच्या निम्माच" असं वाक्य टक्क्यांकडे पाहून कोणीही लिहील. दोन माणसांच्या जोरावर ते वाक्य उभं आहे हे कळलं की तुम्ही ते लिहिणार नाही.

कुठल्या फरकाकडे लक्ष द्यायचं? सगळ्यांना विचारलं असेल आणि सगळ्यांनी उत्तर दिलं असेल तर फरक जेवढा दिसतो तेवढा खरा. पण मोठ्या वस्तीतून काही जणांना चिठ्ठ्या टाकून निवडलं असेल तर ढोबळ नियम असा: उत्तरांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. १०० उत्तरांवर साधारण १० टक्क्यांची घसर दोन्ही बाजूंना धरायची, ४०० उत्तरांवर ५ टक्क्यांची. चारशे जणांच्या दोन पाहण्यांत ३१ आणि ३३ टक्के असे वाटे आले तर त्याला फरक म्हणू नका. आणि हा नियम चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांनाच लागू होतो. ग्रुपवर लिंक टाकून मिळालेल्या हजार उत्तरांनाही तो वाचवू शकत नाही.

पाकळ्यांची नावं जुळतात का

दोन वर्षांच्या पाहण्या शेजारी ठेवताना मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवते. पुण्यात मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले, वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी. त्याच्या आधीच्या पाहणीत "मेट्रो" हा पर्यायच नसणार. त्यामुळे नव्या वर्तुळात बसची पाकळी आकसलेली दिसली तर ते लोक बस सोडून स्कूटरवर गेले असंच काही नाही, त्यांतले काही मेट्रोत गेले असतील. अशा वेळी बस आणि मेट्रो या दोन पाकळ्या एकत्र करून "सार्वजनिक वाहतूक" असा एकच गट करा आणि जुन्या वर्तुळातल्या बसशी तो ताडून पाहा.

गट एकत्र करता येतात, फोडता येत नाहीत. एका पाहणीत "स्वतःची गाडी" असा एकच पर्याय असेल आणि दुसरीत दुचाकी आणि चारचाकी वेगळ्या असतील तर दुसरीतल्या दोघी एकत्र करायच्या. पहिलीतली फोडून "यातल्या निम्म्या दुचाक्या असतील" असा अंदाज बांधायचा नाही.

"इतर" या पाकळीवर बोट ठेवून विचारा की आत काय आहे. गूगल फॉर्ममध्ये "इतर" मध्ये लोक जे टाइप करतात त्याची प्रत्येक वेगळ्या लेखनाला वेगळी पाकळी होते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल (म्हणजेच पीएमपी) झाली, पण निम्मं पुणं अजून "पीएमटी"च म्हणतं. मग एकीकडे "पीएमटी", एकीकडे "पीएमपी", एकीकडे "बस" अशा तीन बारीक पाकळ्या होतात आणि बसवाले विखुरले जातात. त्या हाताने एकत्र कराव्या लागतात, दुसरा मार्ग नाही.

रंगांचंही पाहून घ्या. फॉर्ममध्ये पर्यायांचा क्रम बदलला की रंग बदलतात. आमच्या कागदावर निळा रंग दुचाकीचा होता, त्यांच्या कागदावर बसचा. आम्ही ताटली ठेवून कोऱ्या कागदावर दोन सारखी वर्तुळं काढली, बारा वाजल्याच्या जागेपासून सुरुवात केली, घड्याळाच्या दिशेने त्याच क्रमाने पाकळ्या आखल्या आणि स्केचपेनने तेच रंग भरले. पंधरा मिनिटं लागली. पण पुढच्या सभेत कोणी रंगांची सूची शोधत बसलं नाही.

एकापेक्षा जास्त उत्तरं

"सोसायटीत कोणत्या अडचणी आहेत? लागू असतील त्या सर्वांवर खूण करा." असा प्रश्न असेल आणि त्याचं वृत्तालेखात उत्तर आलं असेल तर तो कागद बाजूला ठेवा. असं समजा की ५० घरांपैकी ३० नी पार्किंगवर खूण केली, २५ नी पाण्यावर, २० नी कचऱ्यावर, ५ नी लिफ्टवर. घरं ५०, खुणा ८०. संगणकाला हे आकडे दिले की तो मुकाट्याने ८० ची भाकरी करतो आणि पार्किंगला ३० भागिले ८०, साडेसदतीस टक्के देतो. खरं तर ५० पैकी ३० घरांना पार्किंगची अडचण आहे, ६० टक्के. निम्म्याहून जास्त घरांचं दुखणं चित्रात तिसऱ्या हिश्श्याएवढं दिसतं. गूगल फॉर्म अशा प्रश्नाला स्वतःहून आडव्या पट्ट्यांचा आलेख देतो, ते योग्यच आहे. पण ते आकडे उचलून एक्सेलमध्ये गोल चित्र काढणारे भेटतातच. टक्क्यांच्या बेरजेची खात्री करून घ्या, आणि टक्के "घरांचे" आहेत की "खुणांचे" हे विचारा.

काळाबरोबर मोठी झालेली भाकरी

वाटा कमी झाला म्हणजे माणसं कमी झाली असं नाही, हे पटवायला मी पुणे जिल्ह्याचीच जनगणना काढते. (जनगणना ही नमुना पाहणी नाही, ती संपूर्ण मोजणी आहे. पण वर्तुळ वाचायची रीत तीच.) २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ७२,३२,५५५ होती आणि त्यातले सुमारे ४२ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. २०११ मध्ये लोकसंख्या ९४,२९,४०८ झाली आणि ग्रामीण वाटा सुमारे ३९ टक्क्यांवर आला. दोन वर्तुळं काढलीत तर ग्रामीण पाकळी १५१ अंशांवरून १४० अंशांवर आलेली दिसेल. अकरा अंशांनी बारीक.

हे पाहून "गावं रिकामी होताहेत" असं कोणीही म्हणेल. आता माणसं काढा. २००१ मध्ये जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सुमारे ३०.३ लाख लोक होते, २०११ मध्ये सुमारे ३६.८ लाख. सहा लाखांहून जास्त वाढले. पाकळी बारीक झाली कारण शहरी लोकसंख्या त्याहून वेगाने वाढली. गावातल्या शाळेच्या खोल्या, दवाखाना, पाण्याची टाकी हे पाकळीच्या कोनावरून ठरवलं तर साडेसहा लाख माणसांचा हिशेबच लागत नाही. माझ्या मते प्रत्येक वृत्तालेखाच्या खाली एकूण संख्या छापणं सक्तीचं असायला हवं.

डोळ्याला चकवणारी चित्रं

जाडी दाखवणारं, तिरपं ठेवलेलं वर्तुळ दिसलं की त्यावरून कोन मोजू नका. पुढच्या बाजूच्या पाकळीला तिची कडही चिकटते आणि ती फुगलेली दिसते, मागची चपटी होते. छापलेले टक्के तेवढे वाचा, टक्के नसतील तर मूळ आकडे मागा. एखादी पाकळी बाहेर ओढून ठेवली असेल तर ती लक्ष वेधते, मोठी होत नाही.

कधी कधी जास्त उत्तरांचं वर्तुळ मोठं काढतात. कल्पना चांगली आहे, पण क्षेत्रफळ वाढवायचं असतं, रुंदी नाही. आमची उत्तरं त्यांच्या तिप्पट, तर आमच्या वर्तुळाचा व्यास सुमारे पावणेदोनपट हवा. व्यास तिप्पट केला की क्षेत्रफळ नऊपट होतं.

आणि पट्ट्यांच्या आलेखाचा पर्याय मिळाला तर तोच घ्या. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच रेघेवरून उभ्या केलेल्या लांब्यांची तुलना माणूस कोनांच्या तुलनेपेक्षा अचूक करतो. १५ आणि २५ टक्क्यांतला फरक वर्तुळातही दिसतो, पण २२ आणि २४ टक्क्यांच्या पाकळ्यांत थोरली कुठली हे वर्तुळात सांगणं अवघड, पट्ट्यांत एका नजरेचं काम.

जे बोललेच नाहीत

सगळं झाल्यावर शेवटी एक आकडा विचारायचा: फॉर्म किती जणांना दिले होते? आमच्याकडे २१० जणांना, उत्तरं १२०. म्हणजे ९० जण गप्प. त्यांच्याकडे ५० जणांना, उत्तरं ४०, फक्त १० गप्प.

गप्प राहिलेल्यांची पाकळी वर्तुळात कधीच नसते. पण तिचा अंदाज घेता येतो. आमचे ९० जण सगळेच बसवाले निघाले तर बसवाले २१० पैकी १०८, निम्म्याहून थोडे जास्त. एकही बसवाला निघाला नाही तर २१० पैकी १८, जेमतेम ९ टक्के. म्हणजे आमचे "१५ टक्के" खरं तर ९ ते ५१ यांत कुठेही असू शकतात. त्यांचं हेच गणित केलं तर २० ते ४० टक्के. त्यांची पाहणी लहान, पण आमच्यापेक्षा भरवशाची. हे पाहिल्यावर ती मुलगी म्हणाली, "मग आपण त्या नव्वद जणांकडे जाऊया का?" मला फार बरं वाटलं.

पुढच्या दोन रविवारी ती आणि तिची मैत्रीण विंगा वाटून घेऊन दारोदार फिरल्या. वॉचमन आणि मावशींना वेगळ्या पानावर विचारलं, कारण ते इथले रहिवासी नाहीत, पण थांबा त्यांचाही आहे. आलेली उत्तरं वहीत उभ्या रेघांनी मोजली, पाचवी रेघ आडवी. मग तिने नोटीस बोर्डासाठी मजकूर लिहायला घेतला. पहिल्या खर्ड्यात होतं, "आपल्या सोसायटीत बसचा वापर कमी आहे." तो तिनेच खोडला आणि खाली लिहिलं:

"प्रश्न: कामाला किंवा कॉलेजला बहुतेक दिवशी कशाने जाता? फॉर्म २१० रहिवाशांना दिले. पहिल्या फेरीत १२० उत्तरं आली, त्यांत बसने जाणारे १८ (१५ टक्के). मागच्या सोसायटीत फॉर्म ५०, उत्तरं ४०, बसने जाणारे १० (२५ टक्के). बसचा वाटा त्यांच्याकडे जास्त, बसने जाणारी माणसं आपल्याकडे जास्त. दुसऱ्या फेरीची उत्तरं आणि मावशी व वॉचमन यांची उत्तरं शेजारच्या पानावर वेगळी दिली आहेत."

खाली तिने तारीख घातली. शेडच्या अर्जाला यावेळी आम्ही वर्तुळं जोडली नाहीत, हेच पान जोडलं.